कापलेला शेवट

१

सौमित्र देवधरचा एक किस्सा होता. तो त्याने इतक्या व्यासपीठांवर सांगितला होता की कुठे थांबायचं, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा आणि लोक कुठे हसणार, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

किस्सा असा. ऐन तारुण्यात तो एका दिवाळी अंकाचा संपादक झाला. कुणाला संपादक करायचं हे मालकांना कळत नसे, एवढंच त्यामागचं कारण. पहिल्याच वर्षी शशिकांत टिपणीसांनी कथा पाठवली, नाव ‘आत’. एक माणूस खोलीत बसलाय, त्याला उठून बाहेर जायचंय, आणि पानंच्या पानं तो जात नाही.

“कथा थोर होती, मंडळी. पण शेवट! शेवटी हा गृहस्थ चक्क बाहेर पडत होता. मी लाल पेन उचललं आणि शेवटच्या ओळी कापून टाकल्या. माणूस राहिला आत, आणि कथा निघाली जग जिंकायला!”

इथे टाळ्या. आणि त्या खोट्या नव्हत्या. त्या कथेनं टिपणीसांचं नाव झालं, तिच्यावर पोरांनी प्रबंध लिहिले, प्राध्यापकांनी बढत्या मिळवल्या. स्वतः टिपणीस मात्र त्यानंतर पोशीरच्या घराबाहेर दिसले नाहीत. सत्काराला नाहीत, पुरस्काराला नाहीत, सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही नाहीत. सौमित्रनं एकदा फोनवर त्यांची मुलाखत घेतली. “मला बाहेर पडता येत नाही,” टिपणीस म्हणाले. सौमित्रनं तेच वाक्य मोठ्या टायपात मथळा करून छापलं. आजच्या माणसाची घुसमट याहून नेमकी कुणी मांडलीच नाही, अशी वाचकांची ढीगभर पत्रं आली.

गेल्या वर्षी टिपणीस गेले. पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम कर्जतच्या एका वाचनालयात ठरला आणि प्रमुख वक्ता अर्थातच सौमित्र. पण त्या दिवसाची त्याला खरी ओढ होती ती वेगळ्याच कारणानं. ऋजुता येणार होती.

ऋजुता म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर घरात दोघंच उरली, आणि दोघांच्या मधे एक दार. दाराच्या आत बाबा मुद्रितं तपासत बसलेले. लहानपणी ती दारात उभी राहून विचारायची, “बाबा, आत येऊ का?” आणि आतून यायचं, “नको, काम चालू आहे.” मोठी झाल्यावर तिनं विचारणं सोडलं, नोकरी लागल्यावर घरही सोडलं आणि शेलूला स्वतःचा फ्लॅट घेतला. दोन वर्षं नुसते सणासुदीचे मेसेज. मग परवा अचानक फोन: “तुमचा तो किस्सा मी कधी समोर बसून ऐकलेला नाही. येते. पोशीरला येऊन तुम्हाला घेते, मग बरोबरच जाऊ कर्जतला.”

सौमित्रनं त्यासाठी नवा सदरा घेतला होता.

२

नेरळ स्टेशनाबाहेर हिरामणची रिक्षा मिळाली.

“टिपणीससरांकडं ना? बसा. मीच होतो त्यांना काडायला.”

“काढायला म्हणजे?”

“खोलीतनं भायेर. गेले ना तवा. बाईंनी कोनाला आत पाऊल टाकू दिलं नाय. म्हनल्या, त्यांना चालायचं नाय. मग काय, मागची भिंत फोडली नि खाट तशीच वडली.”

“दार अरुंद असेल.”

“दार कुठं अरुंद हाय! म्हैस जाईल त्यातनं,” हिरामण म्हणाला आणि एका म्हशीलाच वाट द्यायला थांबला.

सौमित्रला हे फार आवडलं. मेल्यावरही लेखकाची शिस्त! भाषणात घालायलाच हवं. भात कापून झालेल्या शेतांत वाल उभे होते, पलीकडे माथेरानचा डोंगर दुपारच्या उन्हात डुलकी काढत होता, आणि तो मनातल्या मनात वाक्य घासूनपुसून ठेवत होता.

गावाच्या अलीकडेच शेतात टिपणीसांचं बैठं घर. समोर अंगण, आणि अंगणापलीकडे एकटीच उभी असलेली लिहायची खोली, तिला पुढे चिमूटभर पडवी. पडवीत एक बाई उभी राहून लांब बांबूला बांधलेल्या झाडूनं आतली जमीन झाडत होती. स्वतः उंबऱ्याच्या बाहेर, झाडू आत.

“काय गं सुंदरा,” हिरामण ओरडला, “आत जाऊन झाड की नीट!”

“तूच जा रं! तुजी रिक्षा घेऊन जा आत!” तिनं मागं न बघताच सुनावलं. मग पाहुणा दिसल्यावर पदर सावरला. “आमी नाय जात. पयल्यापासून अशीच पद्धत हाय.”

खोलीच्या मागच्या भिंतीला गिलावा न केलेलं विटांचं ठिगळ होतं. त्याच्या कडेनं जुन्या विटांचं दुसरं, आणि त्याच्याही कडेनं तिसरं. एवढ्या वेळा का फोडली असेल भिंत, असं सौमित्रच्या मनात आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बिरड्याचा वास आला आणि तो विचार तिथेच राहिला.

३

टिपणीसांच्या पत्नी, उमाकाकू, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ आणि कमी बोलणाऱ्या. कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक जुना व्रण, कुंकू त्याच्या कडेनं लावलेलं. त्यांनी वालाचं बिरडं आणि भात वाढला, सौमित्रचा फोन चार्जिंगला लावून दिला, आणि तो तीनदा सूचक खाकरला तेव्हा म्हणाल्या, “खोलीत बसायचंय ना तुम्हाला?”

“त्यांच्या खुर्चीत, काकू. जरा वेळ. तुमची हरकत नसेल तर.”

“मी बसा म्हणत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नाहीही म्हणत नाही. चहा झाला की हाक मारीन.”

चपला पडवीत काढून सौमित्र आत गेला.

खोली साधी होती. टेबल, वेताची खुर्ची, खाटेच्या जागी रिकामा चौकोन, पुस्तकांचं काचेच्या दारांचं कपाट, आणि कोपऱ्यात लागूनच न्हाणी. सगळी सोय आतल्या आत. अंगणाकडे खिडकी, तिचा एक गज काढलेला, ताट आत सरकेल एवढा. जमीन लाल कोब्याची, गुळगुळीत, पण टेबलापासून दारापर्यंत एक पट्टा झिजून पांढुरका झालेला, बैलाच्या वाटेसारखा. येरझारा! सौमित्रला गहिवरून आलं. जमीन झिजवणारा लेखक! पट्टा उंबऱ्याशी सुरीनं कापल्यासारखा संपत होता, आणि पलीकडे पडवीचा कोबा अगदी नव्यासारखा लाल. दाराच्या फळीवर आतून, हाताच्या उंचीवर, रंग उडालेला एक पंजा. तिथे कुणीतरी वर्षानुवर्षं तळवा टेकलेला असावा.

हेही भाषणात घालू, त्यानं ठरवलं, आणि खुर्चीत बसला. बिरडं अंगावर आलं. जरा डोळा लागला.

“चहा,” अंगणातून काकूंची हाक आली.

तो उठला, दाराशी गेला, आणि चष्मा टेबलावरच राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. परत फिरून टेबल चाचपलं. चष्मा नाकावर होता. स्वतःशी हसून तो पुन्हा निघाला, आणि पेनाचं टोपण राहिलं. टोपण घेतलं, निघाला, आणि टेबलाशी उभा राहून आता आपण काय घ्यायला आलो ते आठवू लागला.

काही घ्यायचं नव्हतंच.

४

साठीकडे झुकलेल्या माणसाला अशा वेळी शंभर कारणं सुचतात. रक्तदाबाची गोळी. वालाचं पित्त. काल रात्री अपुरी झोप. सौमित्रनं ती सगळी स्वतःला नीट समजावून सांगितली आणि मग शहाण्या माणसासारखा एक प्रयोग केला. चालताना मोठ्यानं बोलत राहायचं, म्हणजे लक्ष इकडेतिकडे जाणार नाही. बोलायचं काय, तर जे झोपेतही येतं तेच.

“ऐन तारुण्यात मी एका दिवाळी अंकाचा संपादक झालो,” टेबलाशी उभं राहून त्यानं सुरुवात केली. झिजलेल्या पट्ट्यावरून चालत, एकही शब्द न गाळता तो उंबऱ्याशी पोचला, तेव्हा तोंडात “मी लाल पेन उचललं आणि” हे शब्द होते.

पुढचा शब्द होता “जिंकायला”. तो त्यानं टेबलाशी उच्चारला. टेबलावर हात होता. तोंड दाराकडे.

मधलं वाक्य बोललंच गेलं नव्हतं. मधली पावलं पडलीच नव्हती. वळल्याचं, परतल्याचं, काहीही नाही. उंबरा, आणि त्याला लागून टेबल. सौमित्रला घाम फुटला, तो मुख्यतः ओळखीमुळे. हे त्यानं हजारदा केलं होतं. मजकूर कापल्यावर भोक राहत नाही. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींना चिकटतात, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

त्यानं पेनाचं टोपण दारातून भिरकावलं. ते पडवीत पडलं, गडगडत गेलं आणि उन्हात चमकत राहिलं. त्यानं हात बाहेर काढला. हाताला ऊन लागलं, चांगलं कडक. मग हातामागून स्वतः निघाला.

टेबल.

मग त्यानं जरा धावून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं, वय विसरून रांगूनही पाहिलं. नव्या सदऱ्याचे कोपर लाल झाले. शेवटी तो दाराला तळवा टेकून धापा टाकत उभा राहिला. हात टेकल्यावर त्याला दिसलं की तो त्या उडालेल्या रंगाच्या पंजावर बरोबर बसलाय.

५

“चहा निवतोय,” उमाकाकू खिडकीशी आल्या. कपबशी त्यांच्या हातातच होती. जणू तो अंगणात येणार नाही हे त्यांना माहीतच होतं.

सौमित्रनं गज धरले. “काकू, हसू नका. मला बाहेर पडता येत नाही.”

“हं,” काकूंनी काढलेल्या गजाच्या जागेतून कप आत दिला. “तेही असंच म्हणाले होते, तुमचा अंक आला त्या आठवड्यात. मला वाटलं, लेखक माणूस, बोलायची रीत असेल.”

“मग तुम्ही काही केलं नाहीत?”

“काय करायचं? तुम्हाला सांगितलं होतं की त्यांनी फोनवर. तुम्ही छापलंत.”

सौमित्रनं न पिताच कपबशी टेबलावर ठेवली.

“छापून आल्यावर मोठमोठी माणसं यायची भेटायला,” काकू सांगत होत्या, शेजारणीचं गाऱ्हाणं सांगावं तशा सपाट आवाजात. “इथंच खिडकीशी खुर्च्या टाकून बसायची. हे म्हणायचे, अहो, खरंच पडता येत नाही हो. ती माना डोलवायची. एकानं तर वाहवा केली.”

“भिंत... भिंत फोडली होती ना?”

“जिवंतपणी दोनदा फोडायला लावली. मग म्हणाले, बुजवा, वारा येतो नुसता.”

“पण कुणी आत जाऊन हाताला धरून का नाही आणलं त्यांना?”

“मी निघाले होते. पहिल्या वर्षीच. म्हटलं, हे काय सोंग, दंड धरून आणते जेवायला. उंबऱ्यावर पाय ठेवला तर भरलेलं फुलपात्र फेकून मारलं.” त्यांचं बोट कपाळापाशी गेलं आणि परत खाली आलं. “कधी बोटही लावलं नव्हतं हो मला. त्यानंतर मी आत गेले नाही, कुणाला जाऊ दिलं नाही. ताट खिडकीतून द्यायचं, ताट खिडकीतून घ्यायचं. माणसाला आपलं तोंडसुद्धा नको असेल तर काय बोलायचं?”

“आणि कथेचा शेवट? तो पुन्हा लिहिला असता तर कदाचित...”

“रोज तेच तर लिहायचे. आणि फाडायचे. मी एकदा म्हटलं, आधी होता तोच लिहा की. तर म्हणाले, तो आठवतोय गं, पण तो चालायचा नाही. दुसरा हवा.”

एवढ्या भीतीतही सौमित्रला बारीकसं सुख झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणजे शेवटी टिपणीसांनाही पटलं होतं. तो शेवट कापण्याच्याच लायकीचा होता.

“काकू, माझी मुलगी येईल आता. ती आली की तिला सरळ इकडे पाठवा. ती ओढून नेईल मला. फार खमकी आहे.”

“पाठवते,” काकू म्हणाल्या आणि वाल सोलायला निघून गेल्या.

६

आता एकच काम होतं. आठवायचं. त्या ओळी टिपणीसांना नको असतील, पण सौमित्रला काय त्याचं? त्याला कलात्मक उंची नको होती, दार हवं होतं. हस्तलिखित त्याच वर्षी छापखान्याच्या रद्दीत गेलेलं. आता त्या ओळी जगात कुठे असतील तर त्याच्याच डोक्यात.

त्यानं खुर्चीत बसून डोळे मिटले. पान दिसलं. टिपणीसांचं बारीक, उभट अक्षर. त्यावर त्याची स्वतःची लाल रेघ, तरुण आणि गुर्मीत मारलेली. रेघेखालून शब्द डोकावत होते, पण पुढे यायला तयार नव्हते. ‘दार’ होतं. ‘ऊन’ होतं. आणखी कुणीतरी होतं. हो, कुणीतरी येत होतं! म्हणून तर त्याला तो शेवट भाबडा वाटला होता. अडकलेल्या माणसाला सोडवायला ऐन वेळी कुणाला तरी आणायचं, हे सिनेमातलं झालं, असं तो तेव्हा सहकाऱ्यांना म्हणालाही होता.

कोण येत होतं?

डोळे उघडले तेव्हा उन्हाची तिरीप कपाटाच्या काचेवर आली होती. काचेत खोली उलटी दिसत होती: टेबल, खुर्चीत तो स्वतः, आणि त्याच्या मागे, खाटेच्या रिकाम्या चौकोनात, गुडघे जवळ घेऊन बसलेलं काहीतरी. टॉवेल वाळत असेल. सौमित्रनं वळून पाहिलं. टॉवेल नव्हता. काहीच नव्हतं. पुन्हा काचेकडे बघायचं त्यानं टाळलं. टाळायला बरीच ताकद लागली.

अंगणाबाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

“हेच का हो टिपणीसांचं घर?”

ऋजुताचा आवाज! सौमित्रच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

“वडील खोलीत आहेत तुझे,” काकूंनी सांगितलं. “बोलावलंय तुला.”

“मला? आत?” ती हसली. त्या हसण्यात जुनी तक्रार होती, आणि तरी ती आनंदलेली होती, हे बापाला भिंतीआडूनही कळलं. चपला अंगणातून वाजत आल्या. पडवीत थांबल्या. उंबऱ्यापलीकडे उन्हात ती उभी राहिली. आईसारखी उंच, खांद्याला पिशवी, आणि चेहऱ्यावर लहानपणीचाच, थोडा घाबरलेला भाव.

“बाबा,” तिनं विचारलं, “आत येऊ का?”

७

आणि लाल रेघ बाजूला सरली.

*दार ढकललं गेलं. बाबा, आत येऊ का, मुलीनं विचारलं आणि ती आत आली. तेव्हा कुठे त्याला उठता आलं. तिच्या अंगावरून तो बाहेर पडला. उन्हात उभं राहून त्यानं तिला हाक मारली. आतून उत्तर आलं नाही.*

शेवटची दोन वाक्यं त्यानं तेव्हा वाचलीसुद्धा नव्हती. ‘बाहेर पडला’ इथवरच डोळे गेले होते, बाकीचं हातानं कापलं होतं.

“बाबा? असे काय बघताय?”

“नको,” सौमित्र म्हणाला. “नको. काम चालू आहे.”

ऋजुताचा चेहरा उतरला. पण ती दोन वर्षांनी आली होती, आणि खमकी होती हेही खोटं नव्हतं. “पुरे झालं हं, बाबा. इतकी वर्षं ऐकलं. आज नाही ऐकणार.” तिनं चपला काढल्या. उजवा पाय उचलला.

तेव्हा सौमित्रला काच दिसली. बघायची नव्हती, पण दिसली. खाटेच्या चौकोनातलं ते उठत होतं. बनियन, पायजमा, पाठ त्याच्याकडे. टिपणीस नव्हेत. टिपणीस बुटके होते, आणि हा उठतच चालला होता, पानंच्या पानं बसून राहिलेल्या माणसासारखा, गुडघ्यांवर हात देत, घाईघाईनं. त्याला दारातली मुलगी दिसली होती.

सौमित्रनं हाताला आलं ते फेकलं. कपबशी होती. कप चौकटीवर फुटला. चहा ऋजुताच्या ओढणीवर उडाला, आणि एक कपची तिच्या गालाला चाटून गेली. उचललेला पाय तिनं खाली ठेवला. बाहेरच्या बाजूला.

हिरामण रिक्षातून अर्धा उतरून तसाच राहिला.

ऋजुतानं गालाला हात लावला, बोटांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. त्याला खूप काही सांगायचं होतं. पण सांगितलं तर ती थांबेल, थांबली तर समजून घेईल, आणि समजून घेतलं तर आत येईल. त्यानं तोंड घट्ट मिटलं. तिनं चपला पायांत सरकवल्या. त्या अंगणातून वाजत गेल्या, आणि रिक्षा सुरू झाली.

काचेत कुणी नव्हतं. खाटेच्या चौकोनात, जमिनीलगत, काहीतरी पुन्हा खाली बसल्याचा नुसता आवाज आला.

अंगणात उमाकाकू उभ्या होत्या. सुपातले वाल पायांशी सांडलेले, आणि एक हात कपाळावर, डाव्या भुवईच्या वर. मग खिडकीशी आल्या. ओठ हलले, पण प्रश्न काही बाहेर येईना.

सौमित्रनं गजांतून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. बराच वेळ लावून धरला. मग पदर खोचला, घसा साफ केला आणि विचारलं,

“रात्री भात चालतो ना तुम्हाला?”